'लास्ट वीक टुनाइट' मराठीत का होत नाही?

बोरूबहाद्दर

२७ एप्रिल २०१४ला एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर जॉन ऑलिव्हरचा 'लास्ट वीक टुनाइट' हा बातम्यांची खिल्ली उडवणारा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच भागात त्याने आपली लोकसभा निवडणूक घेतली होती. ८१ कोटींवर मतदार, महिन्याहून जास्त चालणारं मतदान, आणि अमेरिकी वृत्तवाहिन्या मात्र २०१६ला त्यांच्याकडे कोण उभं राहणार याचं दळण दळत बसलेल्या. म्हणजे टोपी उडवली ती भारताची नाही, भारताकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांची.

माणूस मूळचा इंग्रज. त्याआधी जॉन स्ट्युअर्टच्या 'डेली शो' या तशाच कार्यक्रमात होता. २०१३च्या उन्हाळ्यात स्ट्युअर्ट सिनेमा करायला गेला तेव्हा आठ आठवडे यानेच ती खुर्ची सांभाळली. पण मला सगळ्यात जास्त पटतं ते त्याचं विषय निवडणं. अर्ध्या तासातली पंधरा-वीस मिनिटं एकाच गोष्टीला, आणि गोष्टही अशी की वाहिनीच्या बैठकीत कोणी सुचवली तर बाकीचे मोबाईल बघू लागतील. गुन्हा सिद्ध न करताच पोलिसांनी जप्त केलेले पैसे. बड्या कंपन्यांसाठी कंत्राटावर कोंबड्या वाढवून कर्जात बुडालेले शेतकरी. थकलेल्या दवाखान्याच्या बिलांची खरेदी-विक्री. या शेवटच्या विषयावर २०१६मध्ये त्याने स्वतःच एक वसुली कंपनी काढली, साठेक हजार डॉलरला सुमारे दीड कोटी डॉलरची थकबाकी विकत घेतली आणि माफ करून टाकली. विनोद त्यात होताच. पण त्या विनोदाखाली कागदपत्रांचा ढीग होता आणि तो चाळायला पगारी संशोधक होते, त्यातले काही आधी पत्रकार.

आता आपल्याकडे या. शेखर सुमनने 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्ये वाजपेयींचे ते लांबलचक थांबे घेतले. एनडीटीव्ही इंडियावर 'गुस्ताखी माफ'च्या बाहुल्या आल्या. सीएनएन-आयबीएनवर सायरस ब्रोचा होता. मराठीत ईटीव्हीवर 'घडलंय बिघडलंय', मग 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'हास्यजत्रा'. यातलं बरंच मी खदाखदा हसत पाहिलंय. पण राजकारणाचा विषय आला की आपण काय करतो? नक्कल. आवाज, हातवारे, मफलर, खाकरणं सगळं हुबेहूब. त्याच्या खात्याने गेल्या वर्षी काय केलं, ते मात्र नाही.

नकलेवर नेत्याचा राग नसतो, उलट लोभच असतो. पहिल्या रांगेत बसून तो टाळ्या वाजवतो, कॅमेरा त्याच्या हसण्यावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे साहेबांच्या खिलाडूपणाचं कौतुक. तीच मंडळी नकलेऐवजी एखाद्या निविदेवर पंधरा मिनिटं बोलली असती, तर साहेब पहिल्या रांगेत आले असते का?

फेब्रुवारी २०२०मध्ये ट्रम्प अहमदाबादला यायच्या तोंडावर ऑलिव्हरने मोदींवर अख्खा भाग केला. हॉटस्टारने तो लावलाच नाही. (यूट्यूबवर तोच भाग भारतात सगळ्यांना दिसत होता, ही त्यातली गंमत.) पुढच्या महिन्यात त्याने पडद्यावरूनच सांगितलं की हॉटस्टार त्याचे डिस्नीवरचे विनोदही आधीपासून कापत होतं. हॉटस्टार तेव्हा डिस्नीच्याच मालकीचं. म्हणजे पंतप्रधान आणि मिकी माऊस, दोघांनाही सारखंच संरक्षण!

तर प्रश्न असा, की असा कार्यक्रम मराठीत का होत नाही? आणि झालाच तर पहिला विषय कोणता घ्याल?

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. नकलेबद्दल सहमत, पण जसपाल भट्टींना यादीतून कसं वगळलंत? 'फ्लॉप शो' १९८९चा. अवघे दहा भाग, आणि तेही दूरदर्शनवर, म्हणजे सरकारच्याच ओसरीवर बसून. एकाही नेत्याची नक्कल नाही. सरकारी बांधकामाचा ठेकेदार, दवाखान्याची खोटी बिलं लावणारे कर्मचारी, पीएचडीच्या पोराला घरगडी करून टाकणारे मार्गदर्शक. ज्यांची खेचायची, तो भाग त्यांनाच साभार अर्पण! संशोधक वगैरे काही नव्हते हो. माणूस सरकारी कचेरीत डोळे उघडे ठेवून बसला होता, तेवढं पुरलं.

खडूस आजोबा

बोरूराव, लेख वाचला. एचबीओ वगैरे ठीक, पण आपल्या घरात काय होतं ते बघायचं नाही आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकवायचं, ही सवय जुनीच.

तमाशातल्या वगात काय होतं? राजा दरबार भरवतो, प्रधान 'राज्यात सगळं आलबेल' म्हणून सांगतो, आणि हवालदार त्याच दरबारात उभा राहून त्याचं वस्त्रहरण करतो. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये त्या दिवशीची बातमी त्या रात्रीच्या प्रयोगात आणायचे. संहिता वसंत सबनिसांची, पण दादा तीत रोज नवं घालणार. गावात पाणी नसेल तर पाणी, साखर नसेल तर साखर. समोर आमदार बसलेला असला तर आणखी रंगायचं. तुमच्या ऑलिव्हरला आठवडा लागतो.

आणि व्यंगचित्रं विसरलात. 'मार्मिक' १९६०चा. कुंचल्याने काय होऊ शकतं हे महाराष्ट्राइतकं कोणी बघितलेलं नाही. एका साप्ताहिकातून आख्खा पक्ष उभा राहिला. पुढे त्या पक्षाला स्वतःवरचा विनोद किती सोसला, हा वेगळा धागा काढा, मी येतो.

साबुदाणा वडा

या गोऱ्यांना भारतच दिसतो का? स्वतःच्या देशावर बोल म्हणावं आधी. एवढं प्रेम असेल तर धागाकर्त्याने अमेरिकेत जाऊन राहावं.

रात्रपाळी

@साबुदाणा वडा, एकही भाग पाहिलेला दिसत नाही. भारतावरचे भाग बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळं अमेरिका, अमेरिका आणि अमेरिका. एचबीओची मालकी एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे होती तेव्हा तो त्या कंपनीलाच चालू कार्यक्रमात शिव्या घालायचा. कनेक्टिकटमधल्या डॅनबरी नावाच्या गावाला २०२०मध्ये त्याने विनाकारण इतकं पिडलं, की गावाने सांडपाण्याच्या प्रकल्पाला त्याचं नाव दिलं. आणि हा पठ्ठ्या उद्घाटनाला स्वतः हजर!

साबुदाणा वडा

हे आवडलं. आमच्या नगरपालिकेत प्रकल्प झाला तर नाव द्यायला लायनीत बरेच आहेत. (दिवा घ्या.)

काळा कोट

बोरूबहाद्दर, तुमचा लेख चांगला आहे, पण कारण तुम्ही अर्धंच सांगितलंत. संशोधकांच्या शेजारी वकील बसतात, आणि वकिलांच्या मागे विमा कंपनी असते.

२०१७मध्ये ऑलिव्हरने कोळसा उद्योगावर भाग केला, त्यात रॉबर्ट मरे या खाणमालकाची यथेच्छ टर उडवली. मरेने वेस्ट व्हर्जिनियात दावा ठोकला. २०१८ला दावा फेटाळला गेला, २०१९ला त्याने अपीलही सोडून दिलं. म्हणजे ऑलिव्हर जिंकला. तरी त्याने नंतर जाहीर सांगितलं, की वकिलांवर दोन लाख डॉलरच्या वर खर्च झाला आणि बदनामीच्या विम्याचा हप्ता तिप्पट झाला. जिंकलेल्याची ही गत! आणि हे अशा देशात, जिथे १९६४च्या सुलिव्हन निकालापासून सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामी सिद्ध करायची तर समोरच्याने जाणूनबुजून खोटं छापलं किंवा खरं-खोटं न बघता बेदरकारपणे छापलं, हे दाखवावं लागतं.

आता इकडे. आपल्याकडे बदनामी हा दिवाणी दावा तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधी भादंवि ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नेत्याला स्वतः यावंही लागत नाही. कुठल्या तरी तालुक्यातल्या कार्यकर्त्याच्या भावना दुखावतात, तो वेगळीच कलमं लावून पोलीस ठाणं गाठतो, आणि मुंबईच्या लेखकाला तारखेला तिथे हजर राहावं लागतं. शेवटी सुटका होते, पण तोवर कार्यक्रम बंद पडलेला असतो.

असीम त्रिवेदीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१२, मुंबई. व्यंगचित्रांसाठी थेट राजद्रोहाच्या कलमाखाली अटक. पुढे ते कलम मागे घेतलं गेलं, पण अटक व्हायची ती झालीच. केंद्रात आणि राज्यात तेव्हा काँग्रेस आघाडी होती, म्हणजे कोणत्या पक्षाच्या भक्तांनी लगेच इनो घ्यायचं कारण नाही.

टीव्हीसाठी तर आणखी एक खास गोष्ट आहे, ती फारसं कोणी वाचत नाही. १९९४चे केबल टेलिव्हिजन नियम, त्यातला सहावा. काय दाखवायचं नाही याची यादी आहे त्यात. बदनामीकारक मजकूर नको, हे समजू शकतो. पण सूचक टोमणे नकोत, अर्धसत्य नको, आणि कोणत्याही व्यक्तीवर किंवा समाजजीवनातल्या एखाद्या घटकावर टीका नको, असंही त्यात आहे! आता मला सांगा, सूचक टोमणा वजा केला तर उपहासात उरतं काय? निवेदकाचा कोट.

हा नियम अक्षरशः लावला तर रात्री नऊच्या सगळ्या चर्चा बंद पडतील. तो लावला जात नाही. पण कपाटात असतो, आणि वाहिनीच्या कायदा विभागाला तो आहे हे पक्कं माहीत असतं.

अदिती_क

काळा कोट, उत्तम प्रतिसाद. पण कायदा हे मला निम्मंच कारण वाटतं. एचबीओ वर्गणीवर चालतं, मध्ये जाहिरात नाही. आपल्या वाहिन्यांचं पोट जाहिरातींवर आणि त्यातल्या मोठ्या जाहिरातदारांमध्ये केंद्र आणि राज्य सरकारं. 'आपल्या सरकारची वचनपूर्ती' अर्ध्या मिनिटाची दाखवायची, आणि मग त्याच वचनपूर्तीवर पंधरा मिनिटं खेचायची? खटल्यापर्यंत जायची वेळच येत नाही, विक्री विभागाचा एक फोन पुरतो.

म्हणून तर हे सगळं टीव्हीवरून उठून यूट्यूबवर गेलं. ऑलिव्हरने जून २०१४मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेट पुरवणाऱ्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवायचं, हे तत्त्व) भाग केला आणि तिथल्या नियामकाच्या संकेतस्थळावर सूचनांचा पूर आला. एप्रिल २०१५मध्ये एआयबी या विनोदी चमूतल्या पोरांनी तोच साचा घेऊन आपल्याकडे चित्रफीत केली. ट्रायचा, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाचा, मसुदा वाचायला शंभरावर पानांचा, पार कंटाळवाणा. यांनी तो नऊ-दहा मिनिटांत हसत-खेळत फोडून सांगितला, आणि सेव्ह द इंटरनेटवाल्यांच्या मोहिमेतून ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने भेदभावाचे दर बंद केले, मोजकीच संकेतस्थळं फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यातच गेलं. श्रेय एकट्या चित्रफितीचं नाही, मान्य. पण सामान्य माणसाला ट्राय म्हणजे काय हे त्यातून कळलं.

आणि मराठीत असा प्रकार झालाच नाही असं नाही हं. झालाय, पण टीव्हीवर नाही, मैदानात. आठवा २०१९ची लोकसभा. "लाव रे तो व्हिडिओ!" आधी नेत्याचं जुनं भाषण, मग आजची परिस्थिती, मग वर एक चिमटा. मेळघाटातल्या हरिसालची 'डिजिटल गाव' म्हणून जाहिरात झाली होती. राज ठाकरेंनी त्या जाहिरातीतल्या तरुणालाच मंचावर उभं केलं. हा शंभर टक्के ऑलिव्हरचा फॉर्म्युला आहे, मोठा पडदा, चित्रफीत, पुरावा, टोला. राजना नक्कलही उत्तम येते, पण त्या सभांमधली नक्कल कोणाच्या लक्षात नाही, व्हिडिओ लक्षात आहेत.

खडूस आजोबा

आणि निकाल काय लागला? युतीला ४८ पैकी ४१. मनसेने तर एकही जागा लढवली नव्हती. सभेला लाख माणूस, टाळ्या-शिट्ट्या, आणि मत दुसऱ्याला. उपहासाने सरकार पडत नसतं, बाई.

अदिती_क

आजोबा, पडावं असं मी कुठे म्हटलं? सरकार पाडायचं काम विरोधी पक्षाचं. विनोदवीराने लोकांच्या डोक्यात एक नीट प्रश्न टाकला की त्याचं काम झालं. हरिसाल हे नाव मला त्या सभेआधी ठाऊक नव्हतं.

परदेशी पाखरू

लंडनहून. इकडे लोकशाहीची जननी वगैरे म्हणवतात, पण ब्रिटिश संसदेचं चित्रण विनोदी किंवा उपहासाच्या कार्यक्रमात वापरायला मनाई आहे. खरंच. त्यामुळे ऑलिव्हरच्या भागातला संसदेचा तुकडा इथे दाखवता येत नाही. त्याने मग ब्रिटिश प्रेक्षकांसाठी त्या जागी गिल्बर्ट गॉटफ्रीड नावाच्या कर्कश आवाजाच्या नटाला काहीबाही वाचायला बसवलं. तुम्हाला तुमचे खासदार बघायचे नाहीत ना, मग हे ऐका. हसून हसून पुरेवाट.

जर्मनीतलं आणखी भारी. मार्च २०१६मध्ये यान ब्योमरमान या विनोदवीराने झेडडीएफच्या निओ वाहिनीवर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक अत्यंत शिवराळ कविता वाचली. परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान हा तिथे गुन्हा होता, राजेशाहीच्या काळातलं कलम. एर्दोआनने तक्रार केली, चॅन्सेलर मर्केल यांनी खटल्याला परवानगी दिली, आणि एवढा गदारोळ झाला की पुढे ते कलमच काढून टाकलं. १ जानेवारी २०१८पासून ते नाही. फौजदारी चौकशी बारगळली. हॅम्बुर्गच्या दिवाणी कोर्टाने मात्र कवितेच्या बऱ्याचशा ओळी पुन्हा म्हणायला बंदी घातली, ती टिकली.

आणि इजिप्तचा बासेम युसेफ आहेच. पेशाने हृदयाचा सर्जन. २०११च्या उठावानंतर यूट्यूबवर सुरुवात, मग टीव्हीवर प्रचंड लोकप्रिय. अध्यक्ष मुर्सींच्या काळात चौकशीला बोलावलं. मुर्सी गेले, लष्कर आलं. २०१४मध्ये कार्यक्रमच बंद, आणि हा देशाबाहेर. दोन्ही बाजूंना तो नकोसा होता, यावरून काय ते समजा.

बाकी ऑलिव्हरबद्दल माझी एक तक्रार आहे. भारतावरच्या त्याच्या भागांमध्ये नवीन काही नसतं. आपल्याच पत्रकारांनी वर्षानुवर्षं खपून काढलेल्या बातम्या एकत्र करून तो सांगतो. न्यूयॉर्कमध्ये बसून ते सोपं आहे. ज्याने बातमी काढली तो इथेच राहतो, त्याचं काय होतं?

बोरूबहाद्दर

@परदेशी पाखरू, तक्रार रास्त. पण ती बातमी आतल्या पानावर पडून होती, हेही खरं ना? २ जून २०२४ला, निकालाच्या दोन दिवस आधी, त्याने पुन्हा आपल्या निवडणुकीवर भाग केला. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी त्यातल्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्या. आपल्याच वर्तमानपत्रांत छापून आलेल्या गोष्टी!

@काळा कोट, सहावा नियम माहीतच नव्हता. धन्यवाद. मात्र एक शंका. कायदा एवढा कडक असेल तर रोज रात्री वाहिन्यांवर लोकांना देशद्रोही ठरवतात, तेव्हा तो कुठे जातो?

काळा कोट

कपाटात. वर लिहिलंच आहे.

रात्रपाळी

अमेरिकेचंही फार कौतुक नको. जुलै २०२५मध्ये सीबीएसने जाहीर केलं की स्टीफन कोल्बेरचा 'लेट शो' मे २०२६मध्ये बंद होणार. कारण 'निव्वळ आर्थिक' सांगितलं. सप्टेंबरमध्ये जिमी किमेलचा कार्यक्रम एबीसीने थांबवला, तोही तिथल्या प्रसारण नियामकाच्या अध्यक्षांनी जाहीर दटावल्यावर. आठवड्याच्या आत तो परत आला, कारण लोक चिडले, अनेकांनी डिस्नीची वर्गणी बंद केली. तिकडे प्रेक्षकाच्या हातात निदान वर्गणी तरी आहे.

अदिती_क

आणि इकडे मार्च २०२५. विनोदवीर कुणाल कामराने मुंबईत खारच्या स्टुडिओत उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदेंवर विडंबनगीत म्हटलं. ते बाहेर आल्यावर शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी स्टुडिओ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेला अचानक तिथलं बेकायदा बांधकाम दिसलं. गाणं म्हणणारा तमिळनाडूत, हातोडा खारमध्ये.

पण याच कामराने केंद्राच्या 'फॅक्ट चेक युनिट'च्या नियमाविरुद्ध (केंद्राबद्दलचा कोणता ऑनलाइन मजकूर खोटा हे केंद्रानेच ठरवायचं) मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो नियम रद्द झाला, हेही लक्षात ठेवा. न्यायालयात जाणारा विनोदवीर आपल्याकडे आहे. टीव्हीवर येणारा नाही.

कांदेवाला

राम राम मंडळी. निफाडकडचा आहे, वाचनमात्र असतो, पण पहिला विषय कोणता घ्याल असं विचारलंय म्हणून लिहितो. एवढं जर्मनी-इजिप्त झालं, आमच्या लासलगावचं कोणी नाव काढलं नाही.

पहिला विषय कांदा घ्या. नट नको, बाहुली नको, नुसत्या तारखा वाचा. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले, मग सरकार म्हणालं आम्ही २,४१० रुपये क्विंटलने घेतो. २८ ऑक्टोबरला टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद, ३१ मार्चपर्यंत. मार्च संपायच्या आधीच, 'पुढील आदेशापर्यंत' बंद. एप्रिलमध्ये ऐन निवडणुकीत गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी. इकडे बोंबाबोंब झाली, तर दोन दिवसांत पत्रक की सहा देशांना ९९,१५० टन द्यायला परवानगी आहेच. ४ मेला बंदी उठवली, पण किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला. सप्टेंबरमध्ये विधानसभा तोंडावर आली तेव्हा शुल्क अर्ध्यावर, डॉलरची अट गेली. १ एप्रिल २०२५पासून शुल्क शून्य, तोवर भाव पडलेला.

आमच्याकडे यावर रोज पारावर विनोद होतात, टीव्हीवर मात्र शेतकरी म्हटला की एक तर रडतो नाही तर फेटा बांधून नाचतो.

खडूस आजोबा

वा! हा खरा सोंगाड्या. लेका, सलामीचं लिहून टाक. इथेच.

कांदेवाला

आजोबांचा हुकूम म्हणून जेवण झाल्यावर बसलो. जमलं नाही तर सांभाळून घ्या.

"नमस्कार. १९ ऑगस्ट २०२३ला कांद्याने नक्की काय केलं ते कोणाला माहीत नाही, पण त्याच्यावर ४० टक्के दंड बसला. ऑक्टोबरमध्ये त्याने ते पुन्हा केलं असावं, कारण आता त्याला देशाबाहेर पडायचं तर खिशात टनामागे ८०० डॉलर दाखवावे लागणार होते. डिसेंबरमध्ये त्याचा पासपोर्टच जप्त झाला. इतर आरोपी विमानतळावरून निघून जातात, कांदा तेवढा सापडला. एप्रिलमध्ये जामीन मिळाला, पण पांढऱ्याला, आणि तोही गुजरातचा रहिवासी दाखला असेल तर. तेव्हा निफाडच्या लाल कांद्यांना विनंती, की त्यांनी घरातून निघताना अंगाला थोडा चुना लावून घ्यावा. चुना कसा लावतात हे कोणाला विचारायचं, ते मंत्रीमहोदयांच्या कार्यालयात सांगतील."

अदिती_क

"कांदा तेवढा सापडला" 😂 हसून हसून गडबडा लोळले!

साबुदाणा वडा

राजकीय मतं बाजूला ठेवून सांगतो, हे कोणी केलं तर मी बघेन. ग्राहकाची बाजूही घ्या पण. भाव साठ-सत्तर होतो तेव्हा शहरात ओरडा होतो, त्यालाही सरकार घाबरतं.

कांदेवाला

घेऊ ना. तेव्हा दिल्लीत २५ रुपये किलोने सरकारी गाड्यांवर कांदा विकत होते, रांगा होत्या. दुसरा भाग त्यावर.

काळा कोट

सवयीने संहितेवर लाल पेन फिरवलं, राग नसावा. तारखा, टक्के, डॉलर, टन सगळं ठेवा. ते सरकारच्याच अधिसूचनांमध्ये आणि पत्रकांमध्ये आहे, त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. पासपोर्ट चालेल. विमानतळाच्या ओळीत कोणाचं नाव नाही, तीही चालेल. गुजरातचा उल्लेख चालेल, कारण आदेशातच आहे. "मंत्रीमहोदयांच्या कार्यालयात" काढा. कोणते मंत्री हे तारखेवरून काढता येतं. आणि चुना तर नक्कीच काढा, सहाव्या नियमातला सूचक टोमणा म्हणतात तो हाच.

कांदेवाला

मंत्री काढतो. चुना राहणार वकीलसाहेब. आमच्याकडे द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुनाच असतो. न्यायाधीशांनी विचारलं तर कृषीविषयक माहिती म्हणून सांगा.